चेहरा ओळखीचा, शाई अनोळखी : खाण्याच्या चित्राचा इतिहास



केकवरचा फोटो हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं काहींच्या मनात आलं असेल. येऊ द्या. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, आणि त्या विषयाची खोड अशी, की साध्या गोष्टीपाशी माणूस जास्त रेंगाळतो.

आज सोलापुरात घरी केक करून विकणाऱ्या एखाद्या बाईंना व्हॉट्सॲपवर नातवाचा फोटो पाठवा. संध्याकाळी तो फोटो केकवर छापून येतो, आणि मुलं तो बघता बघता खाऊन टाकतात. हा फोटो कागदावर नसतो, स्टार्चच्या किंवा साखरेच्या पातळ पापुद्र्यावर असतो. शाई खाण्याच्या रंगाची असते, निदान असायला हवी. छापणारं यंत्र मात्र तुमच्या-आमच्या टेबलावरचा साधा इंकजेट प्रिंटर. काही जणी ही छपाई बाहेरून करून आणतात. काहींनी घरीच प्रिंटर घेतला आहे.

आता प्रश्न असा, की खाण्याच्या पदार्थाला चित्राचं रूप देणं आपल्याकडे नवं आहे का? मुळीच नाही. मग या फोटोनं नवं काय केलं? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासत बसता येईल. जुन्या खाद्यचित्रात चेहरा कुणा एकाचा नव्हता, पण त्यात काय घातलंय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नव्या खाद्यचित्रात चेहरा अगदी आपल्या माणसाचा आहे, पण त्यात काय घातलंय हे पुष्कळदा छापणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एका हातानं मिळवलं आणि दुसऱ्या हातानं गमावलं, अशातली ही गोष्ट आहे. ती कशी घडली ते पाहू.

साच्याचा काळ

आषाढातली अमावास्या म्हणजे दिव्याची अवस. त्या दिवशी कणकेत गूळ घालून दिवे करतात, वाफवतात, तुपाची वात लावून ओवाळतात, आणि मग तेच दिवे तूप घालून खातात. श्रावणातल्या अमावास्येला पिठोरी म्हणतात. तिचं नावच पिठावरून पडलं. चौसष्ट योगिनींच्या आकृती पिठाच्या करायच्या आणि त्यांची पूजा करायची, असा तो विधी. लग्नातलं रुखवत आठवा. साखरेचं तुळशीवृंदावन, सप्तपदीची पावलं, बत्ताशांची आरास. हे सगळं घरातल्या आणि आळीतल्या बायकांच्या हातचं. त्यांना कुणी कलाकार म्हटलं नाही, पण मांडवातली गर्दी आधी रुखवताकडे वळायची.

मग गाठी. शिमग्याला लेकरांच्या गळ्यात आणि पाडव्याला गुढीच्या गळ्यात जो साखरेचा हार पडतो, तो कसा होतो? साखरेचा पाक करायचा. त्यात थोडं दूध घालून वर आलेली मळी काढून टाकायची. लाकडी साचा दोन फळ्यांचा असतो, आत पदकं कोरलेली असतात. त्यातून दोरा ओढून घ्यायचा, फळ्या घट्ट बांधायच्या आणि वरून पाक ओतायचा. थोड्या वेळानं साचा उघडला की हार तयार. साखर, पाणी, दूध, लिंबू, दोरा. यादी संपली. पाचवीतल्या मुलाला विचारलं तरी तो ती सांगेल.

आपलं सोलापूर सीमेवरचं गाव. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बोळात ऐकू येतात. त्यामुळे विजापूर-कलबुर्गीकडच्या एका चालीची दखल इथे घेतली पाहिजे. तिकडे कार्तिकातल्या पौर्णिमेला गौरी हुण्णिमे म्हणतात. त्या दिवशी मुली तबकात ‘सक्करे आरती’ घेऊन निघतात. लाकडी साच्यांत पाक ओतून केलेले साखरेचे हत्ती, मोर, रथ आणि देवळं तबकात मांडलेली असतात. ठरलेल्या किंवा नव्यानं झालेल्या सुनेला सासरहून या साखरेच्या बाहुल्या येतात. कर्नाटकातल्या त्या भागात हे साचे पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेले दिसतात.

या सगळ्यांत समान काय आहे? हत्ती हा कुठलाही हत्ती आहे. दिवा हा कुठलाही दिवा. साच्याला व्यक्ती कळत नाही, जात कळते. ‘जात’ हा शब्द आम्ही इथे न्यायशास्त्रातल्या अर्थानं वापरतो, गैरसमज नको. सगळ्या गाईंमध्ये असणारं गोत्व, सगळ्या हत्तींमध्ये असणारं हत्तीपण. साच्यातून निघतं ते हत्तीपण. म्हणूनच तो तोडून खाताना कुणाचा जीव खाली-वर होत नाही.

पांढरी पाटी

चित्राला पाटी लागते, आणि छपाईला ती पांढरी लागते. हे लक्षात घेतलं तर खाद्यचित्राचा इतिहास मोठ्या प्रमाणात पांढऱ्या साखरेचा इतिहास ठरतो. गुळावर चित्र उठत नाही.

अकराव्या शतकात फारसी प्रवासी नासिर खुस्रो कैरोला गेला होता. फातिमी सुलतानाच्या मेजवानीत त्यानं साखरेचं झाड पाहिलं. फांद्या, पानं, फळं, सगळं साखरेचं, आणि शिवाय साखरेच्या कितीतरी मूर्ती. पुढे इटलीतल्या राजवाड्यांतही मेजवानीच्या टेबलावर साखरेची शिल्पं मांडायची प्रथा आली. लक्षात घ्या, दोन्हीकडे हा राजेरजवाड्यांचा खेळ आहे. साखर महाग, म्हणून तिचा पुतळा म्हणजे श्रीमंतीचं प्रदर्शन. साखर स्वस्त झाली तेव्हा कुठे हा खेळ सामान्य माणसाच्या घरी उतरला.

आपल्या जिल्ह्याचा यात वाटा आहे. माळशिरस तालुक्यात माळीनगरला शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर साखर कारखाना काढला तो १९३० च्या दशकात. आज सोलापूर हा राज्यातल्या सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. ज्या पिठीसाखरेवर हा फोटो उमटतो, ती कदाचित आपल्याच ऊसपट्ट्यातून निघालेली असेल.

जाता जाता एक गंमत सांगतो. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात. मंद आचेवर खसखशीवर किंवा साबुदाण्यावर पाक चढवत चढवत काटा आणायचा, हे कष्टाचं काम. मूळ कल्पना अशी, की अंगावर मिरवायचं आणि नंतर तोंडात टाकायचं. आता बाजारात मिळणारे दागिने पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवलेले असतात, ते कुणी खात नाही. खायची वस्तू नुसती बघायची झाली. आणि फोटो, जो नुसता बघायचा होता, तो खायचा झाला. एकाच घरात, एकाच पिढीत दोन्ही घडलं.

पक्का रंग, कच्चा रंग

आता रंगाकडे येऊ. हा भाग सोलापूरकरांना समजावून सांगायची खरं तर गरज नाही. १८७७ मध्ये इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. जुन्या माणसांच्या तोंडी ती जुनी मिल. तेव्हापासून गावाचं पोट सुतावर आणि रंगावर चाललं. चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय विचारतं? रंग जाणार नाही ना? पक्का आहे ना?

कापडाचा रंग पक्का हवा, कारण त्यानं धाग्याला धरून ठेवायचं असतं. खाण्याच्या रंगाकडून नेमकी उलट अपेक्षा असते. त्यानं शरीराला धरून बसू नये, आला तसा निघून जावा. खाण्याला परवानगी असलेले बहुतेक कृत्रिम रंग पाण्यात चटकन विरघळतात, आणि आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत. दोन्ही रंग दिसायला सारखे लाल, पण एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

१८२० मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक आक्कुम या रसायनतज्ज्ञानं खाद्यपदार्थांतल्या भेसळीवर पुस्तक लिहिलं. मुलांच्या मिठाईला शिशाचे आणि तांब्याचे विषारी रंग लावले जातात, हे त्यानं त्यात जाहीरपणे मांडलं. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोयनेल बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कोळशाच्या डांबरापासून रंग करता येतात हे कळलं. पुढच्या काही दशकांत कापडाचं जग बदललं, आणि त्याच डब्यांतले रंग मिठाईवाल्यांकडेही पोचले. कोणता रंग पोटात जाऊ द्यायचा हे सरकारनं ठरवायला बराच वेळ घेतला. अमेरिकेत १९०६ चा कायदा झाल्यावर १९०७ मध्ये फक्त सात डांबरी रंगांना मान्यता उरली. आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०११ चे नियम आले.

या नियमांत कृत्रिम रंगांची यादी आठांची आहे. लाल तीन : पॉन्सो फोर आर, कार्मोइझीन, एरिथ्रोसिन. पिवळे दोन : टार्ट्राझीन आणि सनसेट यलो. निळे दोन : इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू. हिरवा एक : फास्ट ग्रीन. केकसारख्या पदार्थात एका किलोला १०० मिलिग्रॅम ही मर्यादा. आठ नावं आणि एक आकडा. एका छोट्या चिठ्ठीत मावेल एवढंच हे ज्ञान आहे, आणि आमच्या मते घरी केक करणाऱ्या प्रत्येकाच्या फ्रिजवर ती चिठ्ठी असायला हवी.

छाप आणि फोटो

मग छपाई. पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू झाला १८७८ मध्ये. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ ला निघाला आणि पुढे मळवलीला गेला. या छापखान्यांनी देवादिकांची आणि थोर पुरुषांची रंगीत चित्रं गरिबाच्या भिंतीवर नेली. छापील चित्र देवघरात पोचलं, पण स्वयंपाकघरात शिरलं नाही. कारण उघड आहे. दगडावर चित्र उठवायचं तर हजारो प्रती काढल्या तरच परवडतं. छाप म्हटली की ती पुष्कळांसाठी.

फोटोची गोष्ट वेगळी. स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो एका माणसाचा, एका घराचा. छाप सर्वांची आणि फोटो एकाचा, अशी ही वाटणी शंभर वर्षं टिकली. ती मोडली इंकजेट प्रिंटरनं.

१९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत एक तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं, आणि सुईतून शाईचा थेंब उडाला. उष्णतेनं बुडबुडा होतो आणि बुडबुडा थेंबाला ढकलतो, हे तंत्र त्यातून हाती आलं. त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डमध्येही स्वतंत्रपणे हाच शोध लागला, आणि त्यांचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला. एक प्रत काढा नाहीतर शंभर, प्रत्येक प्रतीचा खर्च तोच.

हा प्रिंटर चित्र कसं काढतो? डोकं डावीकडून उजवीकडे जातं, एक पट्टी छापतं, कागद किंचित सरकतो, मग पुढची पट्टी. ज्यांनी जकार्ड माग पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघालेल्या त्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. कोणता ताणा उचलायचा हे भोक ठरवतं, धोटा जातो, आणि ओळीवर ओळ चढत चादरीवर मोराचा पिसारा उभा राहतो. चित्र ओळींत मोडायचं आणि ओळी पुन्हा जोडायच्या. आपल्या गावानं हे काम संगणकाच्या आधीपासून केलं आहे.

शाईच्या जागी खाण्याचा रंग घालून पाहावा, हे अमेरिकेतल्या बेकरीवाल्यांना १९९० च्या दशकात सुचलं. तिथून ते जगभर गेलं. आपल्याकडे मोठ्या शहरांत आधी आणि नंतर जिल्ह्याच्या गावी.

घरातलं यंत्र

घरी हे काम करायचं तर सामान थोडंच लागतं. खाण्याचे पत्रे दोन प्रकारचे. वेफर पेपर बटाट्याच्या वगैरे स्टार्चचा असतो. तो पातळ, कडक आणि स्वस्त, पण त्यावर रंग फिके उमटतात. दुसरी शुगर शीट. तिच्यात स्टार्च, साखर, ग्लिसरीन आणि डिंकासारखे घटक असतात, आणि पाठीला प्लास्टिकचा आधार. तिच्यावर फोटो उठून दिसतो, आणि क्रीमवर ठेवली की ती ओल शोषून मऊ पडते, केकशी एकरूप होते. शाई चार रंगांची : निळसर, किरमिजी, पिवळी, काळी. पांढरी शाई नसतेच. फोटोतला पांढरा सदरा म्हणजे न छापलेली साखर. म्हणून पिवळट क्रीमवर नुसता वेफर पेपर ठेवला तर आतला पिवळेपणा वर येतो आणि माणूस काविळीचा दिसतो.

आपल्या हवेचाही यात हात आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. पाकिटातून काढलेली शीट पाहता पाहता तडकते. खाण्याच्या शाईत पाण्याबरोबर ग्लिसरीनसारखे घट्ट द्रव असतात, ती प्रिंटरच्या केसाएवढ्या छिद्रांत वाळून बसते. म्हणून ऑर्डर असो-नसो, आठवड्यातून एखादी छपाई काढावी लागते. पावसाळ्यात उलटा ताप. शीट दमट होऊन लोळागोळा. ज्या बायका हे सांभाळतात त्यांचं कसब गाठीच्या साच्यावाल्यापेक्षा कमी आहे असं आम्हाला वाटत नाही.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, बेकऱ्या बंद पडल्या, वाढदिवस मात्र थांबले नाहीत. गावोगावच्या कितीतरी बायका तेव्हा केककडे वळल्या, आणि पुष्कळ घरांत तोच संसाराला आधार झाला. फोटो केकला साध्या केकपेक्षा चार पैसे जास्त मिळतात. तेव्हा ‘कशाला ही थेरं’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते म्हणणाऱ्यानं त्या घराची फी-पुस्तकं एकदा पाहावीत.

चेहऱ्यावर सुरी

आता आमच्या विषयाकडे येतो. केक कापायची वेळ येते तेव्हा काय होतं ते पाहा. आजी म्हणते, अरे, पोराच्या तोंडावर सुरी नको. मग कडेनं कापतात. चेहरा शेवटपर्यंत राहतो. कधी शीट अलगद सोलून बाजूला ठेवतात, कधी उरलेला चेहरा दोन दिवस फ्रिजमध्ये पडून असतो, खाववत नाही आणि टाकवतही नाही. मुलाला विचाराल तर तो म्हणेल, मला माझं नाक पाहिजे. आणि खातो.

यात आजी भाबडी आणि मूल शहाणं, असं म्हणायची घाई करू नका. नवव्या शतकात काश्मीरमध्ये श्रीशंकुक नावाचा नाट्यमीमांसक होऊन गेला. त्याचं मत अभिनवगुप्तानं नोंदवून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे. तो म्हणतो, चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. हे ज्ञान खरं आहे का? नाही, तो धावत नाही. खोटं आहे का? तेही नाही, आपण फसलेलो नसतो. संशय आहे का? नाही. ‘घोड्यासारखं काहीतरी’ असं सादृश्याचं ज्ञान आहे का? तसंही आपण म्हणत नाही. चारांहून निराळी अशी ही पाचवी जाणीव. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. आजी त्या पाचव्या जाणिवेत उभी आहे. हा नातू नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी तो नातू आहे.

सोलापूरकरांना ही जाणीव परकी नाही. दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत लाखो माणसं संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकतात. लग्न लागतं ते योगदंडाशी, कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न. अक्षता टाकणाऱ्याला विचारा, हे खरं लग्न का? तो तुमच्याकडे असा बघेल की तुम्हीच ओशाळाल.

कायद्यालाही या प्रश्नाशी झुंजावं लागलं. २०१३ च्या नाताळात कोइमतूरला एका कार्यक्रमात तिरंगी नकाशा आणि अशोकचक्र असलेला मोठा केक कापून वाटला गेला. राष्ट्रसन्मानाच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार झाली. मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तो अपमान नाही असा निर्णय दिला. केक खाऊन घरी गेलेल्या माणसांच्या मनात देशाबद्दल अनादर होता का, हे पाहायला हवं, असा त्यातला विचार. म्हणजे न्यायालयानंही सुरीकडे न पाहता सुरी धरणाऱ्याच्या मनाकडे पाहिलं.

आमचंही मत तेच. चेहरा कापण्यात पाप नाही. अडखळणं मात्र चांगलं. त्या अडखळण्यात माणसाबद्दलची माया असते. चौकात तलवारीनं केक कापून पोलीस केस ओढवून घेणारे आपण बातम्यांत पाहतो. तिथे कुणी अडखळत नाही, आणि मायाही दिसत नाही.

शाईकडे कोण पाहतं?

पण मंडळी, आमची खरी चिंता चेहऱ्याची नाही. चेहऱ्यापाशी आपण थबकतो, शाईपाशी कुणी थबकत नाही. आजी सुरी अडवते. बाटली कोण अडवतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूनं कापसासारख्या त्या गुलाबी मिठाईवर, आपण जिला म्हातारीचे केस म्हणतो तिच्यावर, बंदी घातली. कारण तिच्यात ऱ्होडामीन-बी सापडलं. हा कापडाचा, कागदाचा रंग. पुढच्याच महिन्यात शेजारच्या कर्नाटकानं तिच्यात आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. त्याच वर्षी तिथल्या अन्नसुरक्षा विभागानं केकचे २३५ नमुने तपासले. २२३ ठीक निघाले, १२ मध्ये कृत्रिम रंगांचं प्रमाण घातक निघालं. बारा म्हणजे थोडे, असं कुणी म्हणेल. ते बारा केक कुणाच्या वाढदिवसाचे होते, एवढंच आम्ही विचारू.

गाठीवाल्याकडे साच्यात काय ओतलं हे उघड्या डोळ्यांनी दिसायचं. प्रिंटरमध्ये काय ओतलं हे काडतुसाच्या आत असतं. केक करणाऱ्या बाई प्रामाणिक असतात, पण त्या छपाईवाल्यावर विश्वास ठेवतात, छपाईवाला विक्रेत्यावर, विक्रेता लेबलावर. विश्वासाची साखळी लांबली की प्रत्येक कडीला वाटतं, तपासणं पुढच्याचं काम.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. ज्या प्रिंटरमध्ये एकदा जरी साधी शाई भरली, तो खाण्याच्या छपाईला कायमचा बाद समजावा. नळ्यांत आणि छिद्रांत जुनी शाई उरते, ती धुऊन जात नाही. शाईच्या बाटलीवर ‘खाद्य’ एवढाच शब्द पुरेसा मानू नये. रंगांची नावं किंवा क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक, हे सगळं पाहावं. बाटली परदेशी असेल तर तिच्यावरची नावं आपल्या आठांच्या यादीशी ताडून घ्यावीत. आणि २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या घरगुती धंद्यालाही शंभर रुपयांत नोंदणीची सोय दिली, तिला घाबरू नये. नोंदणी असली की बाई छपाईवाल्याला ताठ मानेनं विचारू शकतात : तुझा प्रिंटर कोणता, शाई कोणती, दाखव.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून? फोटो पाठवताना आपण दहा सूचना देतो. केस नीट दिसू द्या, मागची भिंत काढून टाका, नाव मराठीत लिहा. त्या दहांत अकरावी घालायला काय हरकत आहे? शाई कसली वापरता, बाई? चादर घेताना रंगाची चौकशी करायला आपण कधी लाजलो नाही. ती तर नुसती अंगावर घ्यायची असते.

आम्ही इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा. समोर बसलेल्यांपैकी कुणी घरी ही छपाई करत असेल, तर त्यांनी आधी बोलावं. आम्ही नुसतं वाचून सांगितलं, त्या करून सांगतील.